उकळलेला सरस

दमास्कस, कैमरिय्या मोहल्ला
४ ऑक्टोबर १९९६

मुवफ्फक,

फोनवर तुला माझा आवाज येत नाही. बाबांचा येतो, पण मी त्या चिकटवायच्या सरसाचं नाव काढलं की लगेच शारजाची लाइन खराब होते. म्हणून लिहायला बसले. कागदाला खरखर नसते.

आधी तुला हवं ते सांगते. बाबा बरे आहेत. डोळे जवळजवळ गेलेत, कान आणि नाक शाबूत, जीभ तर विचारूच नकोस. काल मकदूसच्या लोणच्यासाठी छोटी वांगी उकडून मीठ लावून ठेवली, तर हे बिछान्यातून सांगतात, "मीठ कमी पडलंय." वास घेऊन. आणि कमीच पडलं होतं. गल्लीत अजून सगळे त्यांना अबू मुवफ्फक, मुवफ्फकचे बाबा, म्हणतात. तू इथून जाऊन सतरा वर्षं झाली, मध्ये तीनदा आलास, तेही पाहुण्यासारखा. पण दारात हाक येते ती तुझ्याच नावाने. धाकटा असलास तरी. अबू नुहाद म्हणून हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही.

आता मला हवं ते. मागल्या गुरुवारी उम्म रातिब आल्या होत्या. हो, त्याच, रातिबची आई, सक्कालांच्या घरच्या. रातिबची मुलगी आता लग्नाला आली. एप्रिलमध्ये साखरपुडा, आणि तो त्याच दिवाणखान्यात करायचा असं म्हातारीने ठरवलंय. कॉफी संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, "पोरी, तुझ्या हातच्या फुलांच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत. एक फूल हललेलं नाही. चौथीपुढे मी एकोणीस वर्षं कपाट लावून ठेवलंय."

"मग हलवा कपाट," मी म्हटलं.

"हलवते गं. पण रातिब म्हणतो, जिच्या हातून भिंत पडली तिच्याच हातात परत द्यायची? बाजारात लोक हसतील."

"हात माझा होता, खाला. सरस माझा नव्हता."

त्यांनी पेला खाली ठेवला. "हे तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही होतात समोर. माझ्या भावाने रोटी हातात घेऊन शपथ घेतली आणि तुम्ही सगळ्यांनी रोटीचं ऐकलं."

वाईट बाई नाही ती. शेवटी म्हणाली, "मग त्यालाच लिहून दे म्हणावं. चार ओळी. मी रातिबला दाखवते, आणि उत्तरेची भिंत तुझी."

तर मुवफ्फक, मला चार ओळी हव्यात. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे तुलाही माहीत आहे. मी बेचाळीस वर्षांची झाले. हात अजून थरथरत नाही, पण आणखी दहा वर्षांनी असंच म्हणेन याची खात्री नाही. मला ती भिंत पुरी करायची आहे.

नुहाद


९ नोव्हेंबर १९९६

मुवफ्फक,

पार्सल मिळालं. डोळ्यांत घालायचं औषध, खजूर, आणि माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर. सोबत तुझी चिठ्ठी: "झालं गेलं विसरून जाऊ या, आपण एकाच आईची लेकरं." स्वेटर छान आहे. शेजारच्या बाईला देऊन टाकला, ती तुला दुवा देते.

झालं गेलं विसरायचं म्हणतोस, तर काय झालं आणि काय गेलं ते एकदा लिहून काढते. म्हणजे काय विसरायचं ते तुलाही नीट कळेल.

१९७७ च्या सप्टेंबरात आपण रातिबच्या लग्नासाठी तो दिवाणखाना करत होतो. बाबा नक्षी काढायचे, कागद टोचून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी मारून ती फळ्यांवर उतरवायचे. उठावाचा लेप माझा. रंग आणि सोन्याचा वर्ख पुन्हा बाबांचा. तुझं काम काय होतं ते आजही मला नक्की सांगता यायचं नाही. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, बहुतेक.

लेप कसा लावतात ते तू शारजात विसरला असशील. ब्रश लाकडाला टेकवायचाच नाही. लेप ब्रशच्या टोकावरून ओघळू द्यायचा आणि त्याला फुलाच्या रेषेवरून न्यायचं. सुकला की पुन्हा, मग पुन्हा. बाबांना ते जमायचं नाही, त्यांचा हात जड. मी अकरा वर्षांची होते तेव्हा त्यांनी सहज म्हणून ब्रश माझ्या हातात दिला, एक पाकळी झाली. बाबा उठून दुकानाचं दार लावून आले, कोणी बघू नये म्हणून. मला अजून तो दिवस आठवला की बरं वाटतं. मला एक वाईट खोडही होती. लेप वाळला का हे बघायला मी फुलाच्या मधल्या गोलावर नख दाबायचे. बाबा ओरडायचे, "गिऱ्हाइकाला दिसेल." कधी कोणाला दिसलं नाही.

त्या दिवशी उत्तरेच्या भिंतीसाठी, लेप लाकडाला धरून ठेवणारा, सरस करायचा होता, सबंध भिंतीला पुरेल इतका. पाण्याच्या भांड्यात सरसाचं भांडं, खाली मंद आच. मी बसले होते. तू आलास, म्हणालास, "तू वर जाऊन नक्षीचे खाके आण, मी बघतो." मी म्हटलं, "नजर काढू नकोस. एक बुडबुडा आला तरी सरस मेला." तू हसलास, "मी काय काल जन्मलो?" मी वर गेले. तू शेजारी मॅच बघायला गेलास.

मी खाली आले तेव्हा तू भांड्यापाशी बसला होतास, हातात चमचा. सरस नितळ दिसत होता. उकळलेला सरस दिसतो नितळच. त्यातला जीव गेलेला असतो, ते डोळ्यांना दिसत नाही. तू वरून थोडं पाणी घालून ढवळलं होतंस. मी तोच सरस लेपात मिसळला आणि तीन दिवसांत भिंत पुरी केली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. डाळिंबाची फुलं, सरूची झाडं, मधोमध फळांची परात.

डिसेंबरात लग्न झालं. थंडी पडली, सक्कालांनी डिझेलची शेगडी पेटवली, उत्तरेच्या भिंतीपाशीच. नव्या सुनेला बघायला बायका जमल्या होत्या, मीही होते त्यांच्यात, मखमलीचा झगा घालून, आणि मनातून फुगले होते, कारण सगळ्या भिंतीकडेच बघत होत्या. आधी एक टिकली सुटली. मग फूल. मग फुलांची रांगच्या रांग. रातिबच्या आत्याच्या बशीत सोनेरी कळी पडली. तिला वाटलं साखरेचा बदाम, तिने दाताखाली धरली. दात तुटला. बायका आधी हसल्या. मग डाळिंबाची फांदी नवरीच्या मांडीवर आली, आणि कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रातिब, त्याचे वडील आणि उम्म रातिब आपल्या घरी आले. बाबांनी विचारलं, "सरस कोणी केला?" मी म्हटलं, "मी ठेवला होता, पण मुवफ्फक बसला होता." तू टेबलावरची रोटी उचललीस, डोळ्यांना लावलीस आणि म्हणालास, "या रोटीची शपथ, मी त्या भांड्याला हात लावला नाही."

बाबांनी माझे ब्रश एका फडक्यात बांधले आणि कपाटावर ठेवले. मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "आता घरात बघ काय ते." महिनाभराने मला मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून चिकटवलं. एकोणीस वर्षं मी पोरींना एक सुरई आणि तीन लिंबं काढायला शिकवते आहे. लिंबं कुजली की बदलते.

तू म्हणतोस विसर. मी सांगून टाकते, मला जमत नाही. मी तुझा तिरस्कार करते असंही नाही, रोज तेवढा वेळ कोणाला असतो. पण चार ओळी लिही.

नुहाद


२१ डिसेंबर १९९६

मुवफ्फक,

तू रातिबला फोन केलास.

मी चार ओळी मागितल्या आणि तू गिऱ्हाईकच पळवलंस. उम्म रातिबनेच सांगितलं, आणि बिचारी सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. तू त्याला म्हणालास की आता असं हाताने कोणी करत नाही; तू शारजात वापरतोस तसा रबराचा साचा असतो, प्लास्टर ओतायचं, फूल काढायचं, गोंदाने चिकटवायचं, वरून डबीतलं सोनं. दोन माणसं, चार दिवस. आणि म्हणालास, "चारही भिंती एकसारख्या दिसायला हव्यात तर जुन्या तिन्हीही काढून टाकू."

काढून टाकू म्हणे. माझ्या तीन भिंतींवर भूकंप येऊन गेला, लग्नं झाली, दोन पोरं तिथे भिंतीला धरून चालायला शिकली, एक कण सुटला नाही. आणि तू त्या काढणार, तुझ्या चिकटवलेल्या फुलांना शोभाव्यात म्हणून. तुला लाज नाही, हे मला माहीत होतं. पण तुला नजरही नाही, हे आजच कळलं. तू आपल्या घरात वाढलास, आणि तुला ओतलेलं फूल आणि ओघळलेलं फूल यातला फरक दिसत नाही.

रातिबने अजून हो म्हटलेलं नाही. म्हातारीने त्याला थोपवून धरलंय. म्हणाली, "रमजान संपेपर्यंत मी वाट बघते. तोवर तुझ्या भावाचा कागद आला तर ठीक. नाहीतर पोरी, माझं वय झालंय, घर मुलाचं आहे."

तुला आणखी एक सांगते, नाही सांगितलं तर मला चैन पडणार नाही. गेल्या आठवड्यात मी ते पत्र स्वतःच लिहिलं. तुझ्या अक्षरात. शाळेत तुझा गृहपाठ कोण करायचं, आठव. तुझी ती सही, शेवटच्या अक्षराला उगाच मारलेला फराटा, तोही हुबेहूब उतरला. पाकीट बंद केलं, ओढणी घेतली, सक्कालांच्या दारापर्यंत गेले. दारावरची कडी हातात धरली. मग परत आले. पत्र चमच्यांच्या खणात पडलंय.

मी का परत आले याचा तू विचार करत असशील तर, भीती वाटली म्हणून नाही. मला वाटलं, हे दिलं तर भिंत मिळेल, पण तू कबूल केलं नाहीस ते नाहीसच. मग त्या भिंतीपुढे उभी राहून मी रोज तेच बघत बसेन. तू तिथे शिडीवर बसून शिट्टी वाजवतोयस असं वाटत राहील.

बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांना कळू देऊ नकोस. त्यांचं म्हातारपण तरी नीट जाऊ दे.

नुहाद

ता. क. हे शेवटचं वाक्य मी पूर्वीही तुला लिहिलं असेल. बाबांना काही कळू नये म्हणून मी फार काय काय गिळलंय.


१७ जानेवारी १९९७
रमजानचा सातवा दिवस

मुवफ्फक,

हे वाचायच्या आधी बस कुठेतरी.

काल दुपारची गोष्ट. मी मागच्या खोलीत सरस तापायला ठेवला होता. हो, मी सराव करते आहे. जुन्या कपाटाचं दार काढून आडवं टाकलंय आणि त्यावर पाकळ्या घालते. हात विसरलेला नाही, फक्त पहिल्या दिवशी मानेत चमक आली. तर सरस ठेवला, आणि दारावर शेजारची बाई आली, चिंचेचं सरबत करायला चिंच मागत. बोलण्यात वेळ गेला. उपासाच्या दिवसांत बायकांना फक्त खाण्यावरच बोलता येतं. तेवढ्यात खालच्या भांड्यातलं पाणी आटलं आणि सरस उकळला. वास घरभर. तुला तो वास माहीत आहे, जळक्या शिंगासारखा.

बाबांच्या खोलीतून आवाज आला, झोपेतला:

"मुवफ्फक, उतरव ते. परत उकळवलास."

चिंच माझ्या हातातच राहिली. बाईला कशीबशी वाटेला लावली, भांडं उतरवलं आणि बाबांपाशी गेले.

"बाबा, मुवफ्फक नाही इथे. मी आहे."

"हां. तू." डोळे मिटलेलेच. "उतरवलंस ना?"

"परत म्हणजे काय?"

"काय परत?"

"तुम्ही म्हणालात, परत उकळवलास."

"उपास आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"तुम्हाला उपास नाही, बाबा. डॉक्टरने मना केलाय. आत्ता दोन वाट्या मसुरीचं सूप प्यालात."

ते हसतील असं वाटलं मला. हसले नाहीत. भिंतीकडे तोंड केलं. मी तिथेच बसून राहिले. आपल्या घरात हट्टीपणा एकट्या त्यांच्याकडे नाही. उपास सोडायची तोफ होईपर्यंत बसले. तोफ झाली, मी खजूर त्यांच्या हातात ठेवला, आणि मग ते बोलले.

तुला शब्दाला शब्द सांगते.

"त्याच्या कोटाला वास येत होता. त्याच दिवशी, संध्याकाळी. तो करडा कोट. मी गच्चीवर नेऊन टांगला, दोन दिवस. तुझी आई विचारत होती, ओला नाही काही नाही, वाळत कशाला घातलाय."

"त्याच दिवशी?" मी म्हटलं. "म्हणजे भिंत पडल्यावर नाही. मी लेप लावायच्या आधी."

"हो."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"वाटलं, थोडाच उकळला असेल. धरेल. सगळा सरस टाकून द्यायचा, फळ्या पुन्हा घासायच्या, आणि लग्न तोंडावर." मग म्हणाले, "धरलाही असता. त्यांनी शेगडी तिथे लावली नसती तर."

मुवफ्फक, तीन दिवस मी त्या शिडीवर होते. ते खाली उभे राहून बघत होते. मला म्हणत होते, "वा, काय हात आहे." आणि त्यांना माहीत होतं.

मी विचारलं, "आणि त्याने रोटी उचलली तेव्हा?"

"तेव्हा काय करणार होतो मी? मुलीच्या हातून चूक झाली तर लोक म्हणतात, बापाने लाड केले, झालं. मुलाने केली तर म्हणतात, दुकान संपलं. दारावर नाव त्याचं राहणार होतं." जरा थांबून म्हणाले, "तुला काय, तुझं लग्नच होणार होतं."

माझं लग्न झालं नाही हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी लगेच सूप मागितलं. सूप मागितलं. मी दिलं. काय करणार होते? बाप आहे, आंधळा आहे, भूक लागली होती.

एकोणीस वर्षं मी तुला शिव्या घातल्या, दोष तुझा एकट्याचा म्हणून. आज त्यातला अर्धा हिस्सा तुझ्यावरून उतरवते. तू एकोणीस वर्षांचा होतास, घाबरलास. ते त्रेसष्टचे होते. त्यांनी शांतपणे विचार करून खापर माझ्यावर फोडलं.

आता तुला कसली भीती आहे, सांग मला. बाबांना कळेल ही? त्यांना तुझ्या कोटापासून माहीत आहे. लिही रे चार ओळी. मी तुझ्या पाया पडत नाही, पण वाक्य तसं वाटत असेल तर वाटू दे.

नुहाद


२० फेब्रुवारी १९९७

मुवफ्फक,

तुझं पत्र ईदच्या आदल्या दिवशी आलं. चार नाही, अकरा ओळी. तू खरंच लिहिलंस. "सरस माझ्या हातून उकळला, मी खोटी शपथ घेतली, माझ्या बहिणीचा काही दोष नव्हता." मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मला रडू आलं, आणि तुझ्याबद्दल चांगलं वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी नाही म्हणू शकणार नाही. चमच्यांच्या खणातलं खोटं पत्र मी शेगडीत टाकलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी उम्म रातिब भेटायला आल्या, सोबत रातिब, मामूलच्या मिठाईचं ताट. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, रातिबने वाचलं. रातिबचा चेहरा बदलला, मी बघितला. तो म्हणाला, "नुहाद ताई, मग आम्ही इतकी वर्षं तुमच्यावर अन्यायच केला." मी म्हटलं, "कपाट कधी हलवता ते सांगा." म्हातारी हसली. मुवफ्फक, तेवढा वेळ, कॉफी यायला जेवढा लागतो तेवढा, ती भिंत माझी होती.

मग म्हातारीला वाटलं, एवढी मोठी गोष्ट, घरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय कशी पुढे न्यायची. त्या बाबांच्या खोलीत गेल्या, पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दारात उभे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग काय म्हणाले माहीत आहे?

"माझा मुलगा लहानपणापासून असाच. बहिणीला कोणी बोल लावलेला त्याला सहन होत नाही. तिच्यासाठी तो काहीही अंगावर घेईल."

मी म्हटलं, "बाबा."

"तू गप्प बस. भाऊ तुझी लाज झाकतोय, निदान त्याची किंमत ठेव."

"बाबा, कोट सांगा यांना. करडा कोट. गच्चीवर टांगलेला."

"कुठला कोट?" म्हणाले. आणि उम्म रातिबकडे तोंड करून, मऊ आवाजात: "शाळेत पोरींबरोबर राहून राहून हिचं जरा असं झालंय. मनावर घेऊ नका."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तिने तुझ्या पत्राची घडी घातली, मुका घेतला आणि म्हणाली, "असा भाऊ नशिबाने मिळतो पोरी. परदेशात राहून, एवढा मोठा होऊन, बहिणीसाठी स्वतःला काळं फासून घेतो." रातिब म्हणाला, "अशा माणसालाच काम द्यायचं. आणि त्या तीन भिंतीही राहू देऊ, ताईंची आठवण म्हणून." मला ताई म्हणाला. उपकार केल्यासारखा.

मग तिघांनी मामूल खाल्लं. मीही खाल्लं, पिस्त्याचं होतं.

सगळे गेल्यावर मी बाबांना विचारलं, "का?" ते म्हणाले, "मी मेल्यावर माझं नाव त्याच्याबरोबर राहणार आहे. तुझ्याबरोबर मी कोण?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर तुम्ही माझे बाबा." त्यावर म्हणाले, "ते बाहेर कोण विचारतं?"

तर असं झालं. तू खरं बोललास आणि ते तुझ्याच गळ्यात हार होऊन पडलं. मी तुझ्यावर रागावूही शकत नाही आता. याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

नुहाद


१४ मार्च १९९७

मुवफ्फक,

पत्र मिळालं. रातिबने फार आग्रह केला, तू काय करणार, कळलं मला. तू नाही म्हणू शकला असतास, पण ते एक राहू दे. दोन एप्रिलला येतोस, दोन माणसं आणि रबर घेऊन. उत्तरेच्या भिंतीची फुलं नव्याने घडवायची नाहीत, माझ्या तीन भिंतींवरून साचे घ्यायचे, म्हणजे चारही भिंती जुळतील. छान युक्ती आहे. साचे मग शारजातही उपयोगी पडतील, हे तू लिहिलेलं नाहीस, मीच म्हणते.

तू लिहिलंस की साचा स्वच्छ यावा म्हणून त्या भिंतींवरची धूळ आणि शेगडीची काजळी कोणीतरी हलक्या हाताने पुसायला हवी, आणि "तुझ्याइतका हलका हात कोणाचा आहे." पाच दिवस मी शाळा सुटल्यावर सक्कालांकडे जाते आहे. काल पुसून झालं. म्हातारी रोज माझ्याजवळ खुर्ची टाकून बसायची आणि तुझी स्तुती करायची. मी एकदाही काही बोलले नाही. शिडीवर असताना मला बोलायची सवय नव्हतीच.

कापूस फिरवताना एक गोष्ट दिसली. प्रत्येक फुलाच्या मध्यात माझं नख आहे. वर्खाखाली, रंगाखाली, छोटी चंद्रकोर. मी मोजत बसले नाही, पण एकही फूल तिच्यावाचून नाही. रबरात सगळं उमटतं, असं तूच सांगितलं होतंस रातिबला. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवरही ती येणार, आणि तुझ्या शारजाच्या दिवाणखान्यांतही, जिथे जिथे तू अबू मुवफ्फकच्या दुकानाचं काम म्हणून ही फुलं चिकटवशील तिथे. नको असेल तर साचा ओतण्याआधी एकेक खूण मेणाने बुजव. हलका हात लागेल. मी येणार नाही.

बाबांना सांगितलंय तू येतोस म्हणून. दाढी करून घेतात रोज. वाढदिवस असल्यासारखे.

तुझी खोली झाडली. एप्रिलमध्ये संध्याकाळी इथे अजून गारवा असतो, तुला शारजात सवय राहिली नसेल. तुझा करडा कोट सापडला, आईच्या पेटीत होता, डांबराच्या गोळ्यांत नीट घडी घालून. दाराच्या मागे टांगून ठेवलाय. बाबांनी हुंगून बघितला, म्हणाले, "कसला वास? काही नाही." मला येतो. तू घालून बघ आणि मला सांग.

नुहाद